टाउन कौन्सिलने शाळेच्या बाँडला पाठिंबा दिला, म्हणजे नेमकं काय दिलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत राहतात. काउंटी शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोखे, म्हणजे बाँड, काढणार आहे आणि त्यावर सार्वमत येऊ घातलंय. त्यांच्या टाउन कौन्सिलने पाठिंब्याचा ठराव एकमताने केला. मुलाचा वर्ग दोन वर्षं ट्रेलरमध्ये, म्हणजे शाळेच्या आवारातल्या तात्पुरत्या खोलीत, भरतोय. त्यांचं विचारणं: या ठरावाला काही अर्थ आहे का, कौन्सिलला अशी बाजू घेता येते का, प्रॉपर्टी टॅक्स किती वाढेल, हा पैसा बिल्डरांकडून का घेत नाहीत, आणि आपण अजून ग्रीन कार्डच्या रांगेत असल्याने मत नाही, तर आपण काय करू शकतो.

मी बरीच वर्षं स्थानिक सरकारांच्या कर्जउभारणीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी एक गैरसमज दूर करू, कारण बाकीचे प्रश्न त्यातूनच निघालेत.

नॉर्थ कॅरोलायनात शाळा टाउनची नसते. केरी, एपेक्स, होली स्प्रिंग्ज ही वेकमधली शहरं स्वतःचे पोलीस ठेवतात, पाणी देतात, बागा सांभाळतात. शाळेची इमारत बांधणं त्यांच्या जबाबदारीत येत नाही. ती जबाबदारी काउंटीची. १९३० च्या दशकातल्या महामंदीत इथल्या स्थानिक सरकारांची कंबर मोडली, तेव्हा १९३१ आणि १९३३ च्या कायद्यांनी शाळा चालवण्याचा मुख्य खर्च राज्याने उचलला आणि इमारती काउंटीकडे राहिल्या. तीच विभागणी आजही आहे: शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग राज्य देतं, भिंती आणि छप्पर काउंटी देते. मधे बसलेल्या स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही. कुठे किती वर्ग कमी पडतात याची यादी बोर्ड करतं, पैसे काउंटी कमिशनरांकडे, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडे, मागतं. कमिशनर रक्कम ठरवतात, कर्ज काढतात, ते फेडायला टॅक्स लावतात. आणि मधे लोकांचं मत घेतात. या साखळीत टाउन कौन्सिल कुठेही नाही. बाँड मंजूर झाले तर तुमच्या टाउनवर एका सेंटचंही कर्ज चढत नाही.

तुमचे न्यू जर्सीतले किंवा मॅसॅच्युसेट्समधले नातेवाईक वेगळं सांगतील, आणि त्यांच्या जागी ते बरोबर असतात. न्यू जर्सीत स्कूल डिस्ट्रिक्ट स्वतः सार्वमत घेतं आणि राज्य त्या कर्जाच्या हप्त्यांत मदत करतं. मॅसॅच्युसेट्समध्ये बहुतेक ठिकाणी शहर स्वतःच कर्ज काढतं, आणि १९८० च्या अडीच टक्क्यांच्या करमर्यादेबाहेर जायला त्याला मतदारांची परवानगी लागते. तिथे स्थानिक सरकारचा पाठिंबा म्हणजे कर्जदाराचीच सही. आपल्याकडे कौन्सिलचा पाठिंबा हा शेजाऱ्याचा पाठिंबा आहे, आणि तो वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

मग त्या ठरावाची किंमत काय? नुसत्या कागदाची फारशी नाही. मतदार कौन्सिलच्या शब्दावर डोळे मिटून जात नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केरीच्या कौन्सिलने स्वतःचेच बाँड लोकांपुढे ठेवले होते, बागा आणि क्रीडासुविधांसाठी ५६ कोटी डॉलर आणि परवडणाऱ्या घरांसाठी ३ कोटी. दोन्ही लोकांनी नाकारले. स्वतःच्या प्रस्तावाची ही गत, तर काउंटीच्या प्रस्तावाला दिलेल्या एका ठरावाने निकाल फिरेल असं मी मानत नाही.

पण टाउनच्या हातात शाळेच्या दृष्टीने फार मोठ्या गोष्टी आहेत, आणि खरा पाठिंबा तिथे दिसतो. पहिली गोष्ट जमीन. पश्चिम वेकमध्ये शाळेला पुरेल एवढी सलग जागा मिळणं वर्षागणिक अवघड होत चाललंय. जमीन कोणत्या वापरासाठी खुली करायची, कुठे चारशे घरं होऊ द्यायची आणि कुठे नाही, हे कौन्सिल ठरवतं. त्या चारशे घरांतली मुलं कुठे बसणार हा प्रश्न मात्र स्कूल बोर्डाच्या दारात येतो. राज्याच्या कायद्याने टाउनला एक साधन दिलंय, ज्याची चर्चा फार कमी होते. नियोजन आराखड्यात शाळेची जागा आधी दाखवून ठेवली असेल, तर वसाहतीचा नकाशा मंजूर करताना टाउन ती जागा राखून ठेवू शकतं. मग स्कूल बोर्डाला ती घ्यायला १८ महिने मिळतात. त्या मुदतीत बोर्डाने हालचाल केली नाही तर जागा मालकाला मोकळी. म्हणजे दोघांनी वेळेवर बोललं पाहिजे. ज्या टाउनने आराखड्यात शाळेच्या जागा आखल्या आहेत आणि बोर्डाशी बसून त्या ताज्या ठेवल्या आहेत, त्याचा ठराव मी गांभीर्याने घेतो. दर महिन्याला घरांना मंजुरी देऊन वर्षातून एकदा शाळांना शुभेच्छा देणाऱ्या टाउनचा ठराव मला तेवढा महत्त्वाचा वाटत नाही.

दुसरी गोष्ट पाणी, ड्रेनेज आणि रस्ता. शाळेची नवी जागा बहुतेक वेळा शहराच्या कडेला असते, जिथे जलवाहिनी पोचलेली नसते. ती कोणी, कधी आणि कोणाच्या पैशाने न्यायची यावर शाळा एक वर्ष आधी उघडते किंवा एक वर्ष उशिरा. रस्त्याचंही तेच. शाळेसमोर वळणाची जादा लेन, सिग्नल, पदपथ हे सगळं शाळेच्या बजेटमधून काढायची टाउनची पूर्वी सवय असायची. २०१७ मध्ये राज्याने यावर मर्यादा आणली: शाळेच्या दारातून सुरक्षित आत-बाहेर जाण्यापुरतंच काम शाळेकडे मागता येतं, त्यापलीकडचं हवं असेल तर पैसे मागणाऱ्याने द्यायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण ठरावात ‘आम्ही रस्त्याचं काम आमच्या भांडवली योजनेत धरलं आहे’ असं एक वाक्य असेल, तर ते पाठिंब्याच्या दहा परिच्छेदांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

तिसरी गोष्ट मैदानं आणि व्यायामशाळा. टाउनच्या पार्क विभागाने शाळेच्या शेजारी बाग घेतली आणि मैदान दोघांनी वापरायचा करार केला, तर शाळेला कमी जमीन पुरते आणि टाउनला संध्याकाळी तयार मैदान मिळतं. दोन्ही खिसे शेवटी एकाच करदात्याचे असल्याने यातली बचत खरी आहे. तुमच्या टाउनचा ठराव काढा आणि त्यात या तीनपैकी काही आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या बैठकीत विचारा. पाठिंबा दिलेल्या कौन्सिलला ‘मग तुमचा वाटा कोणता?’ असं विचारायला हीच योग्य वेळ असते.

आता बिल्डरांकडून का नाही. हा प्रश्न माझ्याकडे सर्वात जास्त येतो आणि त्यामागचा राग मला समजतो. उत्तर असं की प्रयत्न झाले आणि कोर्टाने ते अडवले. डरहॅम काउंटीने नव्या घरांवर शाळेसाठी शुल्क लावलं होतं; २००६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की काउंटीला तसा अधिकारच नाही. शार्लटजवळच्या कॅबॅरस काउंटीने दुसरा मार्ग काढला, शाळांत जागा नसेल तर वसाहतीला मंजुरी द्यायची नाही, किंवा मग बिल्डरने शाळांसाठी पैसे भरायचे. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं. या राज्यात स्थानिक सरकारला विधिमंडळ देईल तेवढेच अधिकार, आणि हा अधिकार विधिमंडळाने सर्वसाधारणपणे दिलेला नाही. त्यामुळे कौन्सिलवर चिडून उपयोग नाही. हा प्रश्न रॅलेमधल्या विधिमंडळात तुमच्या प्रतिनिधीला विचारायचा आहे.

लॉटरीचा पैसा कुठे जातो, हाही नेहमीचा प्रश्न. २००५ मध्ये लॉटरीचा कायदा झाला तेव्हा शिक्षणाच्या वाट्यातले ४० टक्के इमारतींना द्यायचे असं त्यात लिहिलं होतं. पुढे ते प्रमाण टिकलं नाही. राज्याने शाळांच्या इमारतींसाठी स्वतःचे मोठे बाँड १९९६ मध्ये काढले होते, १.८ अब्ज डॉलरचे. २०१६ मधले राज्याचे २ अब्ज डॉलरचे बाँड मुख्यतः विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी होते. वेकसारख्या वाढत्या काउंटीला म्हणून स्वतःच्या करदात्यांकडेच यावं लागतं.

कौन्सिलला बाजू घेता येते का, याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण यात दोन्ही बाजूंनी चुकीचे आरोप होतात. २०१० पासून राज्याचा कायदा स्पष्ट आहे: काउंटीने किंवा शहराने सार्वमताच्या बाजूने अथवा विरोधात सरकारी पैसा वापरायचा नाही. त्याच्या आधीही कोर्टाची भूमिका साधारण तीच होती, आणि ते प्रकरण आपल्याच परिसरातलं. केरीने निवडणुकीच्या हंगामात शहराच्या नियंत्रित वाढीबद्दल जाहिरात मोहीम सरकारी पैशाने चालवली. एका नागरिकाने दावा लावला, आणि २००२ मध्ये अपील कोर्टाने ती थांबवण्याचा आदेश कायम ठेवला. माहिती देणं आणि प्रचार करणं यातली रेषा तिथे आखली गेली.

व्यवहारात ती अशी चालते. काउंटी, स्कूल बोर्ड किंवा टाउन वस्तुस्थिती सांगू शकतात: रक्कम किती, कशासाठी, टॅक्सवर अंदाजे परिणाम किती, मतदान कधी. टाउनच्या वेबसाइटवर असं पान असेल तर त्यात काही गैर नाही. पाण्याच्या बिलासोबत ‘होय म्हणा’ असं पत्रक आलं तर ते गैर आहे. मेयर किंवा कौन्सिलर स्वतःच्या वेळात, स्वतःच्या तोंडाने कितीही पाठिंबा देऊ शकतात. निवडून आले म्हणून त्यांचं बोलणं बंद होत नाही. बैठकीत मत मांडून ठराव करणं हेही सर्वसाधारणपणे चालतं, पण तो ठराव मग सरकारी खर्चाने छापून घरोघर पाठवायचा नाही. मुख्याध्यापकांनी शाळेच्या ईमेलवरून पालकांना ‘मत द्या’ सांगणं टाळायला हवं. पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, मात्र स्वतंत्र संस्था असल्याने तिला स्वतःचे नियम पाळून बोलता येतं.

प्रचार करते ती खासगी समिती. ती निवडणूक मंडळाकडे नोंदते, वर्गण्या घेते, फलक लावते. त्या वर्गण्या बऱ्याचदा बांधकाम कंपन्या, वास्तुविशारद आणि व्यापारी संघटनांकडून येतात, म्हणजे ज्यांना कामं मिळण्याची शक्यता आहे त्यांच्याकडून. यात बेकायदा काही नाही आणि त्याने शाळेची गरज खोटी ठरत नाही. पण समितीचे हिशेब सार्वजनिक असतात आणि मतदाराने ते पाहावेत असं मला मनापासून वाटतं. विरोधी गटाचेही तसेच पाहावेत.

टॅक्सचा हिशेब आता. इथे दर शंभर डॉलर मूल्यांकनावर सेंटमध्ये सांगतात. एक सेंट वाढ म्हणजे पाच लाख डॉलर मूल्यांकनाच्या घराला वर्षाला ५० डॉलर. तुमच्या घराचं मूल्यांकन काउंटीच्या संकेतस्थळावर आहे, गुणाकार स्वतः करा. लोक मात्र बाँडची रक्कम ऐकून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, आणि रकमेवरून वाढ कळत नाही. वेकमध्ये २०१३ मध्ये ८१ कोटी डॉलरच्या शाळा-बाँडसाठी नव्या शाळा चालवण्याच्या खर्चासह सुमारे साडेपाच सेंटची वाढ सांगितली होती. २०२२ मध्ये शाळांचे ५३.०७ कोटी आणि वेक टेक कॉलेजचे ३५.३२ कोटी मिळून, म्हणजे जास्त रकमेला, वाढ सांगितली सुमारे एक सेंट. कारण मधल्या काळात काउंटीतल्या मालमत्तेचं एकूण मूल्य खूप वाढलं, जुनी कर्जं फिटत आली, आणि काही तरतूद टॅक्सच्या दरात आधीच बसलेली होती. म्हणून ‘किती कोटी’ याच्या पुढे ‘किती सेंट, कोणत्या वर्षापासून’ हे विचारायचं.

त्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहायच्या. बाँड फक्त इमारत देतो. उघडलेल्या शाळेला मुख्याध्यापक, सफाई, वीज, बस लागते, आणि तो खर्च दरवर्षी काउंटीच्या चालू बजेटमध्ये येतो. २०१३ मध्ये तो आकडा वेगळा काढून दाखवला होता, ही चांगली पद्धत आहे. तुमच्या वेळी दाखवला नसेल तर मागा. दुसरी गोष्ट फेरमूल्यांकन. २०२४ मध्ये वेकमध्ये फेरमूल्यांकन झालं, टॅक्सचा दर ६५.७० सेंटवरून ५१.३५ वर आला, तरी अनेकांचं बिल वाढलं, कारण घराची किंमत दरापेक्षा जास्त वेगाने चढली होती. त्या वाढीचं खापर मी लोकांना बाँडवर फोडताना ऐकलंय. बिल आलं की दरातली वाढ वेगळी आणि मूल्यांकनातली वाढ वेगळी काढून बघा, मग कोणाला जाब विचारायचा ते कळेल.

मतपत्रिकेवर जे छापलेलं असतं त्यात रक्कम, शाळांच्या इमारतींसाठी असा हेतू, आणि मुद्दल व व्याज फेडायला जादा कर लावता येईल असं कलम असतं. त्यात तुमच्या मुलाच्या शाळेचं नाव नसतं. मतदार मंजुरी देतात ती रकमेला आणि हेतूला. प्रचारात दाखवलेली शाळांची यादी ही बोर्डाची योजना असते, आणि वाढ वेगळ्या दिशेला सरकली, जमीन मिळाली नाही, बांधकामाचे भाव चढले, तर यादी बदलते. ती बदलणं पुष्कळदा शहाणपणाचंही असतं. पण केवळ मुलाचा ट्रेलर जाईल म्हणून होय म्हणणार असाल, तर आधी बोर्डाची सात वर्षांची बांधकाम योजना उघडून त्या शाळेसमोर कोणतं वर्ष लिहिलंय ते बघा. जमीन, आराखडा, परवानग्या, बांधकाम यांत काही वर्षं जातात. तिसरीतल्या मुलाच्या आईबापांनी हे धरून चालावं की नवी इमारत उघडेल तेव्हा तो तिथे नसेल. दुसऱ्या कोणाचं तरी मूल असेल. तुमचं मूल आज ज्या पक्क्या इमारतींत शिकतंय, त्यांचे पैसेही असेच आधीच्या करदात्यांनी मंजूर केले होते.

हे सगळं सरळ चालत आलेलं नाही. जून १९९९ मध्ये वेकच्या मतदारांनी ६५ कोटी डॉलरचा शाळा-बाँड मोठ्या फरकाने फेटाळला. टॅक्सवाढ त्यात उघड होती आणि लोकांचा विश्वास बसला नाही. मुलं मात्र येतच राहिली. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, आकडा ५० कोटींवर आणून पुन्हा मत घेतलं आणि ते मंजूर झालं. २००६ मध्ये ९७ कोटींचा बाँड मंजूर झाला, पण त्यासोबत अनेक प्राथमिक शाळा बारमाही वेळापत्रकावर न्यायची योजना होती. ट्रॅकची पद्धत तुम्हाला माहीत असेल: मुलांचे चार गट, तीन गट शाळेत आणि एक सुट्टीवर, म्हणजे त्याच इमारतीत जवळपास एक तृतीयांश जास्त मुलं. सोयीचा समजला जाणारा ट्रॅक ४, म्हणजे चौथा गट, मिळावा म्हणून आजही जी धडपड चालते तिचं मूळ जागेच्या टंचाईत आहे. या सक्तीविरुद्ध पालक कोर्टात गेले. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बोर्डाला पालकांची संमती लागत नाही. ज्यांना वाटतं की बाँड नाकारला की खर्च टळला, त्यांनी १९९९ आणि त्यानंतरचं हे सगळं लक्षात ठेवावं. खर्च टळला तर तो असा, वेळापत्रकांतून, ट्रेलरांतून, लांबच्या बसप्रवासातून वसूल होतो.

२०१३ चं उदाहरण स्थानिक सरकारच्या पाठिंब्याबद्दल सर्वात बोलकं आहे. त्या वर्षी काउंटी कमिशनर आणि स्कूल बोर्ड यांच्यात उभा वाद होता. शाळांच्या इमारतींची मालकी आणि बांधकाम काउंटीकडे द्यावं असं विधेयक विधिमंडळात आलं, सिनेटमध्ये मंजूरही झालं, आणि खालच्या सभागृहात अडलं. अशा वातावरणात लोकांकडे ८१ कोटी मागायला जाणं म्हणजे पराभवाची तयारी, असं या क्षेत्रातला कोणीही म्हणाला असता. मग दोन्ही मंडळं एकत्र बसली, एका यादीवर आणि एका आकड्यावर आली, आणि ऑक्टोबरमध्ये बाँड मंजूर झाले. माझ्या मते मतदाराला ठरावांपेक्षा हे जास्त दिसतं. पैसे मागणारा आणि पैसे खर्च करणारा एकाच आकड्यावर उभे आहेत का? नसतील तर तो नाही म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीतही असंच दिसेल. तिथे २००५ मध्ये ४२.७ कोटींचा शाळा-बाँड पडला, २००७ मध्ये ५१.६ कोटींचा झाला, आणि २०२३ मध्ये जवळपास अडीच अब्ज डॉलरचा, राज्याच्या इतिहासातला सर्वात मोठा शाळा-बाँड लोकांनी मंजूर केला. एकदा पडलेला विश्वास पुन्हा उभा करता येतो, पण त्याला काम दिसावं लागतं.

नाही म्हटलं तर काउंटी कर्ज काढूच शकत नाही असं नाही, आणि हे प्रचारात दोन्ही बाजू सांगत नाहीत. लोकमताने मंजूर झालेल्या बाँडमागे काउंटीची पूर्ण करशक्ती गहाण असते, म्हणून राज्यघटना तिथे मतदारांची संमती मागते, काही ठरावीक अपवाद सोडून. दुसऱ्या प्रकारात, मर्यादित दायित्वाच्या रोख्यांत, बांधलेली इमारतच तारण ठेवली जाते आणि कर लावण्याचं वचन नसतं. त्याला मतदान लागत नाही. व्याज थोडं जास्त पडतं. वेकला तिन्ही मोठ्या पतमापन संस्था सर्वोच्च पत देतात, त्यामुळे फरक फार मोठा नसतो, पण वीस वर्षांत तो जाणवतो. दोन्ही प्रकारांना राज्याच्या लोकल गव्हर्नमेंट कमिशनची मंजुरी लागते. हे नऊ जणांचं मंडळ, राज्याचा खजिनदार त्याचा अध्यक्ष, १९३१ पासून प्रत्येक काउंटी आणि शहराचं कर्ज तपासत आलंय, आणि रोखे विकतंही तेच. मंदीत इथल्या अनेक स्थानिक सरकारांना कर्ज फेडता आलं नव्हतं, त्यातून ही शिस्त आली. काउंटीला ते कर्ज झेपेल का, या प्रश्नावर मतदाराने रात्री जागायची गरज कमी आहे ती यामुळे. ते कर्ज हवं का, हा प्रश्न मात्र त्याचाच.

आपल्याकडच्या वाचकाला हे मतदान नवखं वाटतं ते स्वाभाविक आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले तेव्हा पुणेकरांना मतपत्रिका मिळाली नव्हती. मुख्य सभेने ठरवलं. इथे तो अधिकार थेट लोकांकडे ठेवलाय, आणि साधं बहुमत पुरतं. कॅलिफोर्नियात बहुतेक शाळा-बाँडना ५५ टक्के लागतात, वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के, आणि टेक्सासमध्ये २०१९ पासून शाळा-बाँडच्या मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ असं छापणं सक्तीचं आहे. त्या राज्यांतल्या मित्रांचे अनुभव ऐकताना हे फरक धरा.

राहिला तुमचा मताचा प्रश्न. एच-१बी वर असाल किंवा ग्रीन कार्ड असेल तरी या सार्वमतात मत देता येत नाही, आणि चुकूनही नोंदणी करू नका. डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवाना कार्यालयाच्या, काउंटरवर घाईत ‘नागरिक आहे’ अशा चौकटीवर खूण गेली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार मोठी अडचण होते. पण तुम्ही करदाते आहात आणि पालक आहात. काउंटीने बाँडचा आदेश पक्का करण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. तुमच्या टाउनच्या बैठकीतही नाही. तीन मिनिटं मिळतात. त्यात मुलाच्या वर्गाची हकीकत एका मिनिटात सांगा आणि दोन मिनिटं प्रश्नांना ठेवा: आमच्या भागातली शाळा योजनेत कोणत्या वर्षी आहे, जागा ताब्यात आहे का, रस्ता आणि पाणी कोण देणार, चालवण्याचा खर्च कुठून येणार. कमिशनर, बोर्ड आणि टाउन यांच्यासमोर हेच चार प्रश्न ठेवा आणि उत्तरं जुळतात का ते बघा. समितीला वर्गणी द्यायची असेल तर व्हिसावरच्या माणसाने आधी राज्याच्या निवडणूक मंडळाला विचारून घ्यावं.

आणि तुमच्या गल्लीत, मंडळात नागरिक झालेली माणसं आहेत. त्यांतले बरेच जण राष्ट्राध्यक्षाचं मत देऊन मतपत्रिका परत करतात. बाँडचा प्रश्न बहुधा अगदी शेवटी, कधी मागच्या पानावर असतो. नोंदणीची मुदत मतदानाच्या २५ दिवस आधी संपते. ती चुकली तर लवकर मतदानाच्या केंद्रावर त्याच दिवशी नोंदणी करून मत देता येतं. फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं, आणि मागचं पान उलटून पाहायचं.